बोनेटवर हात ठेवून बघ

एका २६ वर्षांच्या वाचकाचं लांबलचक पत्र आलं आहे. नाव न देता त्यातला पेच सांगते. तीन वर्षं पैसे साठवून त्याला टर्बो इंजिनची सेकंडहँड स्पोर्ट्स कार घ्यायची आहे आणि ती स्वतःच्या हातांनी मॉडिफाय करायची आहे. शोधाशोध करून दोन गाड्यांवर नजर स्थिरावली आहे. दोन्ही सुबारू डब्ल्यूआरएक्स, दोन्ही २.५ लिटर टर्बो, एकाच वर्षाच्या. पहिलीवर आधीच्या मालकाने ‘स्टेज टू’चं, म्हणजे ताकद वाढवण्याच्या दुसऱ्या टप्प्याचं, काम करून घेतलं आहे : मोठा एक्झॉस्ट, नवा डाउनपाइप (टर्बोच्या लगेच पुढची एक्झॉस्टची नळी), वेगळा एअर इनटेक, रिमॅप (इंजिनाच्या कॉम्प्युटरमधला पेट्रोल-ठिणगीचा हिशोब, म्हणजे ‘मॅप’, बदलणं) आणि खाली बसवलेलं सस्पेन्शन. दुसरी पूर्ण कंपनी फिटिंगची, एकाच मालकाची, पण चाळीस हजार किलोमीटर जास्त चाललेली. आणि तरी तीच महाग. ती घेतली तर मॉडिफिकेशनसाठी हातात जवळजवळ काहीच उरत नाही. मित्र म्हणतात पहिली घे, एवढं काम फुकटात मिळतंय. मोठा भाऊ म्हणतो दोन्ही सोड, साधी गाडी घे. रोज कामावर जायलाही हीच गाडी वापरायची आहे. “ताई, तुम्हीच सांगा, कोणती घेऊ?”

तुझ्या पत्रात ‘फुकट’ हा शब्द तीनदा आलाय, म्हणून तिथूनच सुरुवात करते.

मॉडिफिकेशनवर घातलेले पैसे विकताना वसूल होत नाहीत, हे तुझ्या मित्रांचं म्हणणं बरोबर आहे. पण इथे गाडीची किंमत कंपनी फिटिंगच्या गाडीपेक्षाही खाली आली आहे. अशी गाडी बघायला येणारा प्रत्येक गिऱ्हाईक मनातल्या मनात एक रक्कम वजा करतो, कारण आत काय झालंय ते त्याला दिसत नाही. ती वजाबाकी तुझ्या मित्रांना बक्षीस वाटतेय.

आत काय होतं ते थोडं सांगते. तुला माहीत असेलच, पण हे उत्तर इतरही वाचतील. बाहेरच्या हवेचा दाब साधारण १ बार असतो. टर्बोने, म्हणजे एक्झॉस्टच्या धुराच्या जोरावर फिरून इंजिनात हवा दाबणाऱ्या पंपाने, त्यावर आणखी १ बार चढवला की सिलिंडरमध्ये ढोबळमानाने दुप्पट हवा शिरते, त्या प्रमाणात पेट्रोल मिळालं की तेवढ्याच इंजिनातून दुपटीच्या आसपास ताकद निघते. मात्र हवा दाबली की तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं टोक चटका देतं, तसंच. हवा फार तापली की ठिणगीने पेटलेली ज्योत पोचायच्या आधीच सिलिंडरच्या कडेचं मिश्रण आपोआप भडकतं. यालाच नॉकिंग म्हणतात, आणि पिस्टनच्या दृष्टीने ते हातोडीचे घाव असतात. इंटरकूलर (दाबलेली हवा गार करणारी जाळी), चांगल्या ऑक्टेनचं, म्हणजे सहज आपोआप न भडकणारं, पेट्रोल, ठिणगीची वेळ थोडी मागे घेणं, असं सगळं करून कंपनी इंजिनाला जराशी सवड ठेवते. स्टेज टू म्हणजे त्या सवडीतली काही खर्च करणं. किती केली, हे मॅप लिहिणाऱ्यालाच माहीत.

१९६२ साली अमेरिकेत ओल्ड्समोबिलने जेटफायर नावाची टर्बो गाडी बाजारात आणली. नॉकिंग आवरायला तिच्यात पाणी आणि मिथेनॉलच्या मिश्रणाची वेगळी टाकी होती. ती टाकी वेळच्या वेळी भरणं एवढंच मालकाचं काम, आणि मालक नेमके तेच विसरायचे. शेवटी कंपनीलाच कित्येक गाड्यांवरचा टर्बो उतरवून साधा कार्बोरेटर बसवून द्यावा लागला. तेव्हापासून इंजिनं कितीतरी सुधारली. पण सेकंडहँड टर्बो गाडी घेताना आधीचा मालक काय काय विसरला, ते अजूनही गाडीबरोबरच विकत मिळतं.

तू बघतोयस त्या २.५ लिटर इंजिनाचं दुखणं त्या गाड्यांच्या लोकांना पाठ आहे. पिस्टनवर रिंगा ज्या खाचांत बसतात, त्या दोन खाचांमधली पातळ भिंत, म्हणजे रिंगलँड, नॉकिंगच्या माराने तडकते. पिस्टन ओतीव असल्यामुळे मार सोसत नाही. त्यातही चौथ्या सिलिंडरचं नाव काढलं की जुने मालक सुस्कारा सोडतात. भिंत तडकल्यावरही गाडी चालत राहते, म्हणून गिऱ्हाईक फसतं. ऑइल जरा जास्त खाते, उभी असताना जरा थरथरते, आणि विकणारा म्हणतो, “सुबारू आहे ती, तिचा आवाजच तसा.” आवाज तसा असतो खरा, म्हणून तर त्याचं म्हणणं पटतं.

आता तो एअर इनटेक. या गाडीत इंजिनात जाणारी हवा मोजणारा सेन्सर फिल्टरजवळच्या नळीतच असतो. नळीचा व्यास बदलला की त्याचा हिशोब चुकतो. हवा जास्त गेलेली असते, कॉम्प्युटरला ती कमी वाटते, आणि भर बूस्टमध्ये, म्हणजे टर्बोचा दाब पूर्ण चढलेला असताना, पेट्रोल अपुरं पडतं. मोकळ्या डाउनपाइपचंही असंच. एक्झॉस्टची वाट मोकळी झाली की टर्बो जोरात फिरतो आणि मॅप त्याप्रमाणे लिहिलेला नसेल तर बूस्ट ठरलेल्या आकड्याच्या वर जातो. म्हणून त्या विकणाऱ्याला विचार की रिमॅप आधी झाला की इनटेक आधी बसला. “इनटेक नंतर टाकला, नुसता आवाजासाठी,” असं उत्तर आलं तर चहा-पाण्यालाही थांबू नकोस.

बिलांची जाड फाइल आहे, असं तू कौतुकाने लिहिलंयस. ती फाइल उघडून बघ. भाग विकत घेतल्याच्या पावत्या कुणीही जपून ठेवतो, त्या मिरवायच्या असतात. तुला हव्यात त्या कंटाळवाण्या पावत्या : ऑइल कधी बदललं, कुठलं घातलं, मध्ये किती किलोमीटर गेले. टर्बोचा दांडा ऑइलच्या पातळ थरावर मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेतो आणि त्याच्या एका टोकाला आठशे-नऊशे अंशांचा धूर आदळत असतो. या इंजिनात टर्बोला ऑइल नेणाऱ्या नळीच्या बोल्टात एक इवलीशी जाळी असते. ऑइल बदलण्यात हयगय झाली की ती गाळाने बुजते आणि टर्बो कोरडा पडतो. तीन-चार हजारांच्या, अगदी पाच हजारांच्या टप्प्याने ऑइल बदललेलं दिसलं तर त्या मालकाला माझा नमस्कार सांग. मधली दोन वर्षं कोरी असतील तर चकचकीत डाउनपाइपकडे बघूही नकोस.

मॉडिफाय केलेली गाडी कधीच घेऊ नये, असं मात्र मी म्हणणार नाही. ज्याने मॅप लिहिला त्याच्याशी तुला बोलता येत असेल, डायनोचा, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्राचा, आलेख असेल, मॅपची फाइल हातात मिळणार असेल, तो कुठल्या पेट्रोलसाठी लिहिलाय हे लेखी असेल आणि काढलेले मूळ भाग खोक्यात जपून ठेवले असतील, तर अशी गाडी मी स्वतः घेईन. असा मालक सापडतो, पण त्याला घाई नसते आणि तो किंमत सहसा पाडत नाही. तुझ्या पहिल्या गाडीची किंमत पाडलेली आहे.

हे झालं गाडीचं. पत्रातला एक परिच्छेद मात्र तू गडबडीत लिहून पुढे गेलायस. शाळेत असताना जुन्या मोटारसायकलचा कार्बोरेटर खोलून वर्तमानपत्रावर मांडला होतास, आणि तो परत जोडून गाडी सुरू झाली तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते. तुझी सगळ्यांत जिवंत वाक्यं तिथे आहेत. वेगाबद्दल, ताकदीच्या आकड्यांबद्दल तू लिहितोस तेव्हा भाषा मित्रांची वाटते. मग दुसऱ्याने करून ठेवलेलं काम तुला का हवंय? ती गाडी घेतलीस तर पहिलं वर्ष त्याने काय केलं हे शोधण्यात आणि त्यातलं निम्मं उलटवण्यात जाईल. मॉडिफाय करण्याची हौस आणि मॉडिफाय केलेली गाडी बाळगण्याची हौस, या दोन हौशी वेगळ्या आहेत. दुसरी असेल तरी काही बिघडत नाही, फक्त कुठली आहे ते आधी ठरव.

माझा कल दुसऱ्या गाडीकडे आहे हे एव्हाना कळलंच असेल. पण ती तरी खरंच अस्पर्श आहे का? कित्येक जण विकण्याआधी सगळं काढून मूळचे भाग परत चढवतात. त्याच्या खुणा राहतात. डाउनपाइपचे बोल्ट नवे आणि शेजारचे सगळे गंजलेले. हीट शील्डचा एखादा स्क्रू गायब. डॅशबोर्डच्या कडेला, बूस्ट मीटर बसवतात तिथे, दोन बारीक भोकं. स्टिअरिंगखाली काळ्या चिकटपट्टीत गुंडाळलेली, कुठेच न जाणारी एक वायर. या इंजिनाचा इंटरकूलर वरच, बोनेटवरच्या स्कूपखाली, म्हणजे हवा घेणाऱ्या तोंडाखाली, असतो. त्याच्या रबरी नळ्यांवर जुन्या क्लॅम्पचे वळ जागा सोडून दिसले तर तो भाग कधीतरी उतरला होता. का उतरवला, एवढंच विचार आणि गप्प राहा. माणसं गप्प बसलेल्या गिऱ्हाइकाला बरंच सांगतात.

मी स्वतः एकदा फसले आहे. पहिली टर्बो गाडी बघायला गेले तर विकणाऱ्याने ती धुऊन-पुसून, इंजिन सुरू करून दारात उभी केलेली. “तुम्ही येणार म्हणून तयारच ठेवली!” मला त्याच्या अगत्याचं फार कौतुक वाटलं. चालवून बघितली, मस्त पळाली, पैसे दिले. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात गार इंजिनाला किल्ली मारली आणि मागून निळसर धुराचा लोट निघाला तो थांबेचना. समोरच्या आजी खिडकी लावून घेताना माझ्याकडे ज्या नजरेने बघत होत्या, ती अजून आठवते. टर्बोचा सील गेला होता. रात्रभर ऑइल झिरपून एक्झॉस्टमध्ये साठायचं आणि सकाळी जळायचं. तासभर चाललेल्या इंजिनात त्याचा मागमूस नव्हता. टर्बो बदलण्यात पुढचे सहा महिने मी बसनेच फिरले.

म्हणून गाडी बघायची ती गार. आदल्या दिवशी फोन करून सांग, मी येईपर्यंत सुरू करू नका. धुराचा रंग बघ. निळा म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर गोडसर वासाचा असेल आणि इंजिन तापल्यावरही निघत राहिला तर कूलंट आत जातंय. थंड हवेत सुरुवातीला दिसते ती निव्वळ वाफ, तिला घाबरू नकोस. काळा म्हणजे पेट्रोल जास्त पडतंय. गाडीच्या कॉम्प्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा ओबीडीचा छोटा स्कॅनर जवळ ठेव. एकही एरर कोड नाही यावर खूश होऊ नकोस. कोड कालच पुसले असतील तर गाडीच्या स्वतःच्या चाचण्या अपुऱ्या दिसतात, स्कॅनरवर ‘रेडी’ऐवजी ‘नॉट रेडी’ येतं. डॅशबोर्डवरचा दिवा विझलेला आणि चाचण्या अपुऱ्या, असं एकत्र दिसलं की समजायचं, तुझ्या येण्याची तयारी झालेली आहे.

त्यानंतर ती गाडी तुझ्या विश्वासातल्या मेकॅनिककडे ने आणि कॉम्प्रेशन व लीकडाउन या दोन्ही चाचण्या करून घे. कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे सिलिंडर किती दाब तयार करतो ते मोजताना, चारही सिलिंडरचे आकडे एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असावेत. एखादाच सिलिंडर मागे पडला असेल तर लीकडाउनने कारण कळतं. सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडतात आणि किती गळते ते मोजतात. मीटरकडे मेकॅनिक बघेल, तू कान लाव. ऑइल भरायच्या तोंडातून सूं सूं आली तर रिंगा किंवा ती रिंगलँड. सायलेन्सरमधून आली तर व्हॉल्व्ह. रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट. इनटेकची नळी काढून टर्बोचं चाक बोटांनी हलवून बघायला सांग. आडवं किंचित हललं तर ठीक, तेवढी ढील असतेच. पुढे-मागे हाताला जाणवेल इतकं सरकलं किंवा पाती बाहेरच्या कवचाला घासलेली दिसली तर टर्बो संपलाय. या तपासणीला विकणारा नको म्हणाला, तर तेही एक उत्तरच आहे.

इतर गाड्या बघणाऱ्यांसाठी एवढंच सांगते की प्रत्येक इंजिनाचं दुखणं वेगळं. माझदा आरएक्स-७ मधल्या रोटरी इंजिनाची तपासणी साध्या कॉम्प्रेशन मीटरने होत नाही, त्याचं यंत्रच निराळं. बीएमडब्ल्यूच्या एन५४ इंजिनात हाय प्रेशर फ्युएल पंप आणि खडखडणारे वेस्टगेट (टर्बोचा दाब आवरणाऱ्या झडपा) यांची चौकशी आधी करायची. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल सोडणाऱ्या इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवर कार्बनचा थर चढतो, तो कधी साफ केला ते विचारायचं. गाडी मनात भरायच्या आधी तिचं दुखणं पाठ झालेलं बरं. एकदा मनात भरली की आपण तिच्या बाजूने वकिली करायला लागतो.

आता पैसे. दुसरी गाडी घेतली की काही उरत नाही, असं तू म्हणतोस. मग ती गाडीही आज तुझ्या आवाक्यात नाही. हे वाचून वाईट वाटेल, पण जवळच्या शंभरातले पासष्टच्या वर गाडीवर घालू नयेत. पुढचे वीस गाडी ताळ्यावर आणायला जातात : सगळी ऑइलं, प्लग, कूलंट, ब्रेक फ्लुइड, जुनाट रबरी नळ्या, आणि टायमिंग बेल्टची मुदत जवळ आली असेल तर तोही, वॉटर पंपासकट. टायरच्या कडेला चार अंक असतात, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही खोल असली तरी फार जुना टायर टर्बोच्या गाडीला नको. उरलेल्या पंधराला हात लावायचा नाही, ते क्लचसाठी किंवा ज्या भागाचं नाव आज आपल्याला माहीत नाही त्याच्यासाठी. या गाडीचा पाच गिअरचा गिअरबॉक्स वाढलेल्या ताकदीला फार उदार नसतो, हेही लक्षात असू दे. ताकद वाढवली की ती पुढचा कच्चा भाग शोधत जाते.

मॉडिफिकेशन यात कुठे आलं? पहिल्या वर्षी नाहीच. वर्षभर ती आहे तशी चालव. मग चांगले टायर, चांगले ब्रेक पॅड, सस्पेन्शनचे झिजलेले बुश. हे सगळं घरी, जॅक आणि स्टँड लावून, स्वतः करण्यासारखं आहे. नुसत्या जॅकवर गाडीखाली शिरायचं नाही, हे मात्र शपथेवर. तुझे दोन वाजतील अशा पुष्कळ रात्री त्यात आहेत. इंजिनाच्या ताकदीचं काम सगळ्यांत शेवटी, आणि भाग व मॅप एकत्र, एकाच ट्यूनरकडून. दरम्यान तुझ्या नोंदणीच्या नियमांत काय बसतं ते वाचून ठेव. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे एक्झॉस्टमधला धूर स्वच्छ करणारा भाग, काढलेली गाडी बऱ्याच देशांत रस्त्यावर चालत नाही, आणि विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघातानंतर क्लेमच्या आड येऊ शकतो. पहिली गाडी घ्यायचं ठरवलंस तर हे दोन्ही प्रश्न पैसे देण्याआधी विचारायचे.

खरा अडसर मला गाड्यांपेक्षा तुझ्या शेवटच्या ओळीत दिसतो. रोज कामावर जायला हीच गाडी. रविवारी संध्याकाळी एक बोल्ट तुटतो, नवा मिळायला चार दिवस लागतात आणि सोमवारी सकाळी नऊला तुला कुठेतरी पोचायचं असतं. अशा सोमवारच्या आदल्या रात्री माणूस घाईत जे काम उरकतो, तेच पुढे तिसऱ्या कुणाला तरी विकतो. त्यामुळे भावाचं ‘साधी गाडी घे’ हे म्हणणं मला पूर्ण चूक वाटत नाही, अर्धवट वाटतं. आधी जुनी, साधी, भरवशाची गाडी किंवा मोटारसायकल रोजच्यासाठी, आणि वर्ष-दीड वर्षाने टर्बो, हा एक रस्ता. कामावर जायची दुसरी सोय होत असेल तर दुसरी गाडी घासाघीस करून, तपासून, आता घे आणि वर्षभर हात आवर, हा दुसरा. दुसरी सोय नसेल तर मी थांबेन. अशा गाड्या येत राहतात. ‘आजच ठरवा, दुसरं गिऱ्हाईक दारात उभं आहे’ म्हणणारेही येत राहतात.

आणि बघायला जाशील तेव्हा मित्रांना नेऊ नकोस, भावाला ने. त्याला टर्बोतलं काही कळत नाही असं तू वैतागून लिहिलंयस. कळायची गरज नाही. गाडी तुला आवडून बसली आहे, त्याला नाही. तू विकणाऱ्याशी बोलत राहा, आणि पोचल्या पोचल्या बोनेटवर हात ठेवायचं काम त्याच्याकडे दे. गरम लागलं तर त्याने फक्त तुझ्याकडे बघायचं, एवढं घरून निघतानाच ठरवून ठेवा.